शंख जुना, बिऱ्हाड नवे

आंबी (ता. मावळ) : काशीद, मुरूड किंवा दिवेआगरची सहल आटोपून घाट चढणाऱ्या गाड्यांमध्ये परतीच्या सामानात एक छोटी पिशवी हमखास असते. मुलांनी वाळूत वाकून वेचलेले शंखशिंपले तिच्यात असतात. घरी आल्यावर पिशवी कपाटावर किंवा बाल्कनीत पडते आणि तिसऱ्या दिवशी तिला विलक्षण दुर्गंधी सुटते. मग ती नाक दाबून कचऱ्यात टाकली जाते. वास शंखाचा नसतो. वेचलेल्या शंखांपैकी एखादा रिकामा नव्हताच, त्यात खेकड्याचे बिऱ्हाड होते, हे घरात कोणाच्या ध्यानीही येत नाही.

इंद्रायणीकाठच्या आंबीला, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या वाड्यावस्त्यांना किंवा एकूणच मावळाला खेकडा परका नाही. पहिल्या पावसानंतर ओढ्याकाठी आणि भातखाचरांच्या बांधांवर कंदील, विजेऱ्या घेऊन खेकडे धरण्याचा उद्योग येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शंखात राहणारा खेकडा मात्र समुद्राकडचा. इंग्रजीत त्याला ‘हर्मिट क्रॅब’, म्हणजे संन्यासी खेकडा म्हणतात. मोठ्या शहरांतील शोभेच्या माशांच्या दुकानांत तो अधूनमधून विक्रीस दिसतो आणि कुत्रा-मांजर ठेवण्यास जागा नसलेल्या सदनिकांत काचेच्या पेटीत पाळला जातो. त्याला खाऊ काय घालावा, हे विकणारा सांगतो. त्याला मोकळे शंख लागतात, ते धुऊन, उकळून पुन्हा पुन्हा वापरता येतात आणि ते न मिळाल्यास प्राणी दगावू शकतो, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

उसने कवच

बांधातल्या खेकड्याचे सर्वांग टणक असते. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारा ‘बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलारिस’ हा गोड्या पाण्यातला खेकडा आपले कवच स्वतःच घडवतो. शिवाय त्याची पिल्ले मादीच्या पोटाखालून थेट छोटे खेकडे बनूनच बाहेर पडतात, त्यामुळे त्याला समुद्राची गरज कधी पडत नाही. शंखातल्या खेकड्याचे दोन्ही बाबतींत उलटे आहे. त्याच्या अंगाचा पुढचा भाग, पाय आणि नांग्या टणक असतात; मागचे उदर मात्र मऊ, उघडे आणि पिळदार असते. हे उदर झाकण्यासाठी तो मेलेल्या समुद्री गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो, त्यात पाठीमागून शिरतो आणि तो आतून घट्ट धरून ठेवतो. त्याची पिल्ले समुद्राच्या पाण्यातच वाढतात. जमिनीवर राहणाऱ्या जातींच्या माद्यादेखील अंडी सोडण्यासाठी पाण्याच्या कडेला जातात. पाळीव पेटीत त्यांची पैदास करणे अत्यंत कष्टाचे असून मोजक्याच हौशी लोकांना ते साधले आहे. साहजिकच, दुकानात दिसणारा असा जवळजवळ प्रत्येक खेकडा कोठल्या ना कोठल्या किनाऱ्यावरून उचलून आणलेला असतो.

‘संन्यासी’ हे नाव तसे फसवेच. हा प्राणी एकांतप्रिय नाही. तो कळपाने राहतो. किनाऱ्यावर सर्रास आढळणाऱ्या त्याच्या एका प्रजातीला शास्त्रज्ञांनी ‘डायोजिनीस’ हे नाव दिले, ते रांजणात राहणाऱ्या ग्रीक तत्त्ववेत्त्यावरून. ते अधिक समर्पक म्हणावे लागेल.

खेकड्याचे उदर उजवीकडे वळलेले असते आणि जगातील बहुसंख्य शंखांचे वेटोळेही त्याच बाजूचे असते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून शंख धरला, तर तोंड उजव्या हाताला येते. शास्त्रज्ञ अशा शंखाला उजवा शंख म्हणतात. देवघरातल्या शंखाची परिभाषा याच्या नेमकी उलट आहे. पूजेचा शंख ‘टर्बिनेला पायरम’ या जातीचा असतो आणि तो प्रामुख्याने तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मिळतो. त्याचा नेहमीचा प्रकार परंपरेने वामावर्ती गणला जातो, तर लाखात एखादा सापडणारा उलट वेटोळ्याचा शंख दक्षिणावर्ती म्हणून मोठ्या किमतीला विकला जातो. भाविकांना दुर्मीळ वाटणारा हा शंख खेकड्याच्या मात्र काही कामाचा नाही; त्याचे अंग त्यात बसतच नाही.

पाण्यातला आणि जमिनीवरचा

पाळण्याच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा भेद येथे आहे. शंखवासी खेकड्यांच्या शेकडो जाती आहेत. त्यांपैकी जमिनीवर राहणाऱ्या जेमतेम पंधरा-सोळा. त्या ‘सीनोबिटा’ या प्रजातीत मोडतात आणि भारतात त्या अंदमान-निकोबार, लक्षद्वीप यांसारख्या बेटांवर आढळतात. नारळावर चढणारा अजस्र ‘नारळ खेकडा’ त्यांचाच भाऊबंद. तो लहानपणी शंख वापरतो आणि मोठेपणी सोडून देतो. अंदमान-निकोबारमधल्या या प्राण्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे.

रायगड, रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या डबक्यांत दिसणारे खेकडे वेगळे. ते ‘क्लिबानेरियस’ आणि ‘डायोजिनीस’ या प्रजातींचे असून पूर्णतः समुद्री आहेत. ते कल्ल्यांवाटे पाण्यातला प्राणवायू घेतात. ओहोटीच्या काही तासांपुरते ते उघड्यावर तग धरतात, पण काचेच्या बरणीत कोरड्या वाळूवर ठेवल्यास एक-दोन दिवसांतच मरतात. नळाच्या पाण्यात ठेवले तरी तेच होते. मुलाने हट्ट धरून मुरूडहून आणलेला खेकडा आंबीत जगण्याची शक्यता जवळजवळ नाही. तो जेथे दिसला तेथेच पाहून सोडून द्यावा, हा त्याबाबतचा एकमेव सल्ला. पुढील सर्व माहिती जमिनीवरचा खेकडा आधीच घरी असलेल्यांसाठी आहे.

जमिनीवरच्या खेकड्यालाही कल्लेच असतात, फक्त ते हवेत काम करण्याजोगे बदललेले असतात आणि सतत ओले राहावे लागतात. त्यासाठी तो शंखात थोडे पाणी साठवून हिंडतो. शंख म्हणजे त्याचे घर तर आहेच, पण पाण्याची घागरही आहे. पेटीतील हवेत सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता आणि साधारण २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. मावळात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रतेची चिंता नसते. थंडीत मात्र रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आणि एप्रिलची दुपार कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत भोक पडलेला किंवा कडा फुटलेला शंख वाट्याला आला, तर त्यातील पाणी निथळून जाते आणि खेकडा हळूहळू गुदमरतो. हे इतके सावकाश घडते की मालकाला त्याचे कारणही कळत नाही. योग्य निगा राखल्यास हा प्राणी तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. पेटीत आणलेले बहुतेक खेकडे मात्र काही महिन्यांतच मरतात.

जुने घर अधिक मोलाचे

खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. त्यामुळे त्याला आयुष्यभर घरे बदलावी लागतात. निसर्गात या घरबदलाची एक विलक्षण रीत आहे. मोठा रिकामा शंख वाळूवर आला की त्याच्याभोवती खेकडे जमू लागतात आणि काही वेळा आकारानुसार चक्क रांग लावतात. सर्वांत मोठा खेकडा नव्या शंखात शिरला की त्याने सोडलेल्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा, असे काही क्षणांत सगळ्यांचे स्थलांतर होते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आयव्हन चेस यांनी १९८०च्या दशकात या साखळीचा अभ्यास करून माणसांच्या घरबदलाशी तिची तुलना केली होती. एक सदनिका रिकामी झाली की भाडेकरूंची साखळी कशी हलते, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

याहून चकित करणारी गोष्ट अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचे जीवशास्त्रज्ञ मार्क लेड्री यांच्या कोस्टारिकातील संशोधनातून पुढे आली. जमिनीवरचे खेकडे शंख जसाच्या तसा वापरत नाहीत. ते तो आतून कोरतात, मधला खांब झिजवतात, तोंड रुंद करतात. असा कोरलेला शंख हलका होतो आणि आत जागाही अधिक मिळते. एका खेकड्याने कोरलेला शंख त्याच्यामागून दुसरा वापरतो, त्याच्यामागून तिसरा. मोठ्या खेकड्यांना कोरा, न कोरलेला शंख फारसा चालत नाही. त्यांना पूर्वजांनी सजवलेलेच घर हवे असते. म्हणूनच पेटीतला जुना, रंग उडालेला, कुरूप दिसणारा शंख फेकून त्याजागी चकचकीत नवा आणून ठेवणे हा मालकाच्या दृष्टीने टापटिपीचा, पण खेकड्याच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार ठरतो.

मोकळे शंख पुरेसे नसले की भांडणे जुंपतात. एक खेकडा दुसऱ्याच्या शंखावर आपला शंख आपटतो, त्याला बाहेर काढण्याचा प्रयत्न करतो आणि त्यात उघडा पडलेला दुबळा प्राणी अनेकदा इतरांच्या तोंडी पडतो. एका खेकड्यामागे किमान तीन ते पाच मोकळे शंख, त्याच्या सध्याच्या शंखाएवढे आणि त्याहून थोडे मोठे, असा अनुभवी पाळणाऱ्यांचा दंडक आहे. जमिनीवरच्या जातींत डावी नांगी मोठी असते आणि आत शिरल्यावर ती दारासारखी तोंडाशी बसते. शंखाच्या तोंडाची रुंदी या नांगीपेक्षा किंचित जास्त असली म्हणजे माप बरोबर जमते.

धुण्याची रीत

आता मुख्य कामाकडे वळू. शंख धुण्याचे प्रसंग तीन. नवीन शंख पेटीत ठेवण्यापूर्वी. खेकड्याने सोडलेला शंख काही आठवडे तसाच पडून त्यावर बुरशी किंवा चिकट थर आला असता. आणि खेकडा मेल्यानंतर. यांतला तिसरा प्रसंग सर्वांत निकडीचा. लेड्री यांच्याच गटाने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आपल्या जातीच्या मृत खेकड्याच्या मांसाचा वास येताच इतर खेकडे झुंडीने गोळा होताना दिसले, कारण त्यांच्या लेखी त्या वासाचा अर्थ ‘येथे घर रिकामे झाले’ असा होतो. न धुतलेला मृताचा शंख पेटीत राहिला तर हा खोटा निरोप सतत दरवळत राहतो.

प्रथम शंख कोमट पाण्यात काही तास भिजत घालावा. पाणी क्लोरिनविरहित असावे. नळाचे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास किंवा उकळून गार केल्यास क्लोरिन उडून जातो. ज्या सोसायट्यांत बोअरचे पाणी येते, तेथे क्लोरिनचा प्रश्न नाही. ते पाणी जड असले तरी शंखाला त्याने अपाय होत नाही. भिजलेला शंख तोंड खाली करून तळहातावर हलकेच आपटावा. वेटोळ्यात अडकलेले वाळूचे कण, खाद्याचे तुकडे, मृत खेकड्याचे अवशेष याने सुटतात. न सुटल्यास पिचकारीने आत पाण्याची धार सोडावी. तार किंवा टाचणी खुपसून खरवडू नये. आतला गुळगुळीत थर ओरखडला तर खेकड्याचे मऊ उदर त्यावर घासते. बाहेरून कोऱ्या टूथब्रशने घासले तरी पुरे.

त्यानंतर उकळणे. यासाठी स्टीलचे पातेले घ्यावे आणि ते याच कामासाठी बाजूला ठेवावे. तांब्या-पितळेची भांडी येथे वर्ज्य आहेत. तांब्याचा अंश खेकडा, कोळंबी, गोगलगाय या वर्गातील प्राण्यांना विषारी असतो. पितळेत तांबे असतेच आणि जुन्या भांड्याची कल्हई कोठे उडाली आहे हे डोळ्यांना दिसतेच असे नाही. शंख गार पाण्यात बुडवून मग पातेले आचेवर चढवावे. उकळत्या पाण्यात थंड शंख टाकल्यास तो तडकतो. उकळी आल्यावर आच मंद करून पाच ते दहा मिनिटे ठेवणे पुरेसे आहे. प्रेशर कुकरची गरज नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर शंख कधीच ठेवू नये. वेटोळ्यात कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. झाऱ्याने शंख बाहेर काढताना जपावे, कारण बाहेरून गार वाटणाऱ्या शंखाच्या पोटात चटका देणारे पाणी बराच वेळ साचून राहते. शंख पूर्ण गार होऊन, तोंड खाली करून फडक्यावर निथळल्यानंतरच तो खेकड्यासमोर ठेवावा.

साबण, भांड्यांचे द्रावण, ब्लिचिंग पावडर, फिनेल यांपैकी काहीही वापरू नये. शंख वरून दगडासारखा दिसला तरी सच्छिद्र असतो आणि शोषलेले द्रव्य तो पुढे कित्येक दिवस थोडेथोडे सोडत राहतो. तांब्याची भांडी लख्ख करणाऱ्या हातांना चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. शंख हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचाच, बनलेला असतो; आम्ल लागताच तो फसफसून विरघळू लागतो. वरचा थर निघून आतला मोतिया थर उघडा पडतो, शंख चमकतो आणि त्याच क्षणी तो पातळ होऊ लागलेला असतो. समुद्रकिनाऱ्यावरील दुकानांत मिळणारे झळझळीत शंख पुष्कळदा अशाच आम्लस्नानातून गेलेले असतात आणि वर तेलाचा किंवा वॉर्निशचा हात असतो. नुसते तेल असेल तर दोन-तीनदा पाणी बदलून उकळल्यावर निघते. वॉर्निश किंवा रंग असेल तर तो शंख शोकेसमध्येच ठेवावा. परदेशांत रंगवलेल्या शंखांतले खेकडे विकण्याची जुनी प्रथा आहे. खेकडा शंखाची कड कुरतडतो तेव्हा रंगाचे पापुद्रे त्याच्या पोटात जातात.

गार झालेल्या शंखाची एक सोपी परीक्षा आहे. तोंड वर करून तो पाण्याने भरावा आणि काही वेळ कोरड्या कागदावर ठेवावा. कागद ओला झाला तर शंख गळका. अनेक शंखांना सुईने पाडल्यासारखे एक गोल, नेटके भोक असते. ते माणसाने पाडलेले नसते. शिकारी गोगलगायी दुसऱ्या गोगलगायीचे कवच भोके पाडून भेदतात आणि आतले मांस खातात, त्याची ती खूण. असा शंख समुद्रातल्या खेकड्याला कसाबसा चालून जाईल, मावळातल्या उन्हाळ्यात नाही.

चांगला शंख तोंड वर करून पेटीतल्या वाळूत टेकवावा आणि आत थोडे खारे पाणी घालावे. हे पाणी एक लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात, मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या समुद्री मिठाचे असावे. स्वयंपाकघरातले आयोडिनयुक्त मीठ चालत नाही. पेटीत गोड्या पाण्याचे आणि खाऱ्या पाण्याचे अशी दोन्ही भांडी हवीत. कोणते पाणी किती घ्यायचे, हे खेकड्याला आपल्यापेक्षा चांगले कळते.

मेला की कात टाकली?

धुण्याच्या घाईत होणारी एक चूक मात्र भरून न येणारी आहे. वाढीच्या काळात खेकडा कात टाकतो. त्यासाठी तो वाळूत खोल पुरून घेतो आणि मध्यम आकाराचा असल्यास महिना-दोन महिने, मोठा असल्यास त्याहूनही अधिक काळ वर येत नाही. मालक घाबरून वाळू उकरतो, तेव्हा हालचाल न करणारा, फिकट, निर्जीव दिसणारा प्राणी हाती लागतो. कधी पाय-नांग्यांसह पूर्ण सांगाडा वेगळा पडलेला दिसतो. मेला असे समजून अनेक जिवंत खेकडे अशा वेळी टाकून दिले जातात आणि त्यांचे शंख उकळत्या पाण्यात जातात. टाकलेली कात पोकळ आणि हलकी असते, तिला कुजका वास येत नाही. मेलेल्या खेकड्याला एक-दोन दिवसांत कुजक्या मासळीचा उग्र दर्प येतो. वास नसेल तर शंखाला हात लावू नये. कात काढूनही टाकू नये. खेकडा ती स्वतःच खातो आणि नव्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम त्यातूनच मिळवतो.

खेकड्याला शंखातून ओढून काढण्याचा प्रयत्न तर कोणत्याही कारणासाठी करू नये. तो पकड सोडत नाही, अंगाचे दोन तुकडे झाले तरी सोडत नाही. त्याच्या अंगावरचा शंख धुवायचाच असेल तर कोमट, क्लोरिनविरहित पाण्याच्या उथळ भांड्यात त्याला सोडावे. तो आपणच आत पाणी घेऊन खळबळून टाकतो.

शंख आणावा कोठून

गोगलगायीने शंख बनवायचा, ती मेल्यावर तो खेकड्याच्या वाट्याला यायचा, असा हा व्यवहार असल्याने किनाऱ्यावरील रिकाम्या शंखांचा साठा मर्यादित असतो. पर्यटनाचा त्यावर काय परिणाम होतो, याची मोजदाद स्पेनमधील एका किनाऱ्यावर झाली आहे. तेथे सुमारे तीस वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन पाहण्यांत पर्यटकांची संख्या जवळजवळ तिपटीने वाढल्याचे आणि शिंपल्यांचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. हे संशोधन २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. २०२४मध्ये पोलंडच्या संशोधकांनी इंटरनेटवरील छायाचित्रे तपासली, तेव्हा शंखाऐवजी माणसाने टाकलेला कचरा पाठीवर वागवणारे ३८६ खेकडे त्यांना मोजता आले. त्यांपैकी बहुतेकांनी बाटलीचे प्लॅस्टिकचे बूच स्वीकारले होते. जमिनीवरच्या सोळा जातींपैकी दहा जाती या छायाचित्रांत होत्या.

विकतचे शंख हा दुसरा मार्ग, पण तोही निर्धोक नाही. व्यापारातले बरेच शंख मेलेल्या नव्हे, तर जिवंत पकडून मारलेल्या गोगलगायींचे असतात. भारत सरकारने २००१मध्ये मृदुकाय प्राण्यांच्या २४ जातींचा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या अनुसूचींत समावेश केला. त्यात ‘टर्बो मार्मोराटस’ हा मोठा हिरवट शंख आणि ‘ट्रोकस निलोटिकस’ हा लालसर पट्ट्यांचा शंकूसारखा शंख आहे. दोन्ही घासून मोत्यासारखे चमकवून विकले जात आले आहेत आणि ‘टर्बो’ म्हणजे गोल तोंडाचा, खेकड्यांच्या विशेष आवडीचा घाट. २०२२च्या दुरुस्तीने या कायद्यातील अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. शंख कोणत्या जातीचा आणि कोठून आलेला, हे सांगू न शकणाऱ्या विक्रेत्याकडून तो न घेणेच शहाणपणाचे.

मावळकरांना एक स्थानिक पर्याय मात्र आहे आणि तो काहीसा अनपेक्षित आहे. मूळ पूर्व आफ्रिकेतील शंखी गोगलगाय १८४७मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि पुढे देशभर पसरली. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, ते शेतकरी विसरलेले नाहीत. हिंदी आणि प्रशांत महासागरातील अनेक बेटांवर, जेथे ही गोगलगाय पोचली आहे, तेथे जमिनीवरचे खेकडे तिचे रिकामे शंख सर्रास वापरतात. समुद्री शंखाइतके ते जाड नसतात, पण फुकट मिळतात आणि त्यासाठी किनारा लुटावा लागत नाही. बागेत किंवा बांधावर आपोआप मेलेल्या गोगलगायीचा पांढुरका, कोरडा शंख तेवढा उचलावा. जिवंत गोगलगायीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. तिच्यात माणसाच्या मेंदूच्या आवरणांना सूज आणणाऱ्या परजीवी कृमीच्या अळ्या असू शकतात. ज्या शेतात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या असतील किंवा मिठाचा मारा झाला असेल, तेथला शंख घेऊच नये. बाकीचे शंख हातमोजे घालून गोळा करावेत, वर सांगितल्याप्रमाणे भिजवावेत आणि पूर्ण दहा मिनिटे उकळावेत.

राहता राहिला कपाटावरच्या त्या पिशवीचा प्रश्न. आत काही कुजलेले नसेल आणि शंखांना वॉर्निश, रंग, डिंक लागलेला नसेल, तर ते याच पद्धतीने धुऊन, वाळवून डब्यात ठेवता येतात आणि पुढच्या सहलीत परत नेता येतात. शक्यतो ज्या किनाऱ्यावरून आणले तेथेच ते न्यावेत. दुकानातून घेतलेले किंवा दुसऱ्या समुद्रातले शंख त्यांत मिसळू नयेत. मोकळ्या वाळूवर भिरकावण्यापेक्षा ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांच्या कडेला ते ठेवावेत, कारण खेकडे तेथेच असतात. लहान शंखांना मागणी अधिक असते.